सात पावलांवरची शेगडी

चौघं बसली आहेत आणि समोर कप मात्र तीन. कप तरी केवढे? टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापला तर जी अर्धी वाटी होईल, साधारण तेवढे. दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातलं छाओझोऊ हे गाव. दुकान औषधांचं असो, कापडाचं असो की लोखंडी सामानाचं, गल्ल्याशेजारी एक गोल, भोकांचं ताट असायचंच. त्यावर तीन कप एकमेकांना टेकून मांडलेले, आणि शेजारी मुठीत मावेल एवढं चहाचं भांडं. ओतणारा ओततो, हातानेच ‘घ्या’ म्हणतो. तिघं कप उचलतात. दोन-तीन घोटांत कप रिकामे होतात, उकळत्या पाण्याने विसळले जातात, पुन्हा भरतात. मघाशी जो राहिला होता त्याच्यापुढे आता पहिला कप येतो. ओतणारा बहुतेकदा स्वतः शेवटी घेतो. पाचवा आला, सहावा आला, तरी कप तीनच. मात्र नवा पाहुणा आला की भांड्यातली पत्ती अजून रंग देत असली तरी काढून टाकतात आणि त्याच्यासाठी ताजी भरतात.

चौथा कप का नाही, याचं एक उत्तर चिनी लिपीत आहे. चवीने घेणं, चाखणं या अर्थाचं जे अक्षर आहे ते तीन चौकोनांचं: एक वर, दोन खाली. चौकोन म्हणजे तोंड. तीन तोंडं एकत्र आली की ‘चाखणं’ झालं. ताटातले तीन कप नेमके याच आकृतीत मांडतात. हे उत्तर सुंदर आहे, पण मला दुसरं अधिक पटतं. कप कमी असले की कुणाला तरी थांबावं लागतं, आणि थांबणारा माणूस दुसऱ्याला आधी द्यायला शिकतो.

या चहाला तिथल्या बोलीत ‘कांग हू ते’ म्हणतात, मँडरिनमध्ये ‘कुंगफू छा’. कुंगफू हा शब्द आपल्याला मारामारीच्या सिनेमांनी दिला. मूळ अर्थात मात्र लाथ नाही की ठोसा नाही. एखाद्या कामावर घातलेला वेळ, आणि त्या वेळाने हाताला लावलेलं वळण, असा तो शब्द आहे. आपण ‘हात बसला’ म्हणतो, ते त्याच्या बरंच जवळचं. तेव्हा कुंगफू चहा म्हणजे वेळ घालून, बसलेल्या हाताने केलेला चहा. या प्रकाराबद्दल वाचत गेलो तसतसा मी एका गोष्टीने चकित होत गेलो. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक हालचाल कुठे ना कुठे वेळ मोजते, आखडते किंवा लांबवते. आणि या सगळ्यात घड्याळ कुठेच नाही.

सुरुवात मापापासून करू. मोठ्या कपात पत्तीचा कोरा चहा करायचा तर आपण पाव लिटरभर पाण्याला दोन-तीन ग्रॅम पत्ती घेतो आणि तीन ते पाच मिनिटं झाकून ठेवतो. छाओझोऊच्या भांड्यात पाणी मावतं जेमतेम शंभर मिलिलिटर, आणि त्यात पत्ती पडते सात-आठ ग्रॅम. पाण्याच्या हिशोबाने सात-आठपट. कोरडी पत्ती घातली की भांडं जवळपास काठोकाठ भरतं. पाणी ओतल्यावर ती फुगते आणि झाकणाला जाऊन भिडते. इतकी पत्ती पाच मिनिटं ठेवली तर चहा जिभेवर धरवणार नाही. म्हणून ती ठेवायचीच नाही. पाच-दहा सेकंदांत सगळं पाणी बाहेर. पुन्हा पाणी, पुन्हा काही सेकंद. तीच पत्ती आठ-दहा वेळा.

हा खटाटोप कशासाठी? तर, पानाची चव एक नसते म्हणून. पानात जे काही साठलेलं असतं ते एकाच वेळी बाहेर पडत नाही. पाण्यात चटकन विरघळणारी द्रव्यं, म्हणजे तरतरी देणारं कॅफिन आणि गोडसर भरीवपणा देणारी अमिनो आम्लं, साधारणपणे आधी येतात. तुरटपणा देणारी जड पॉलिफेनॉल्स मागून, सावकाश. उडून जाणारा गंध तर पहिल्या वाफेबरोबरच निघतो. पाच मिनिटं भिजवलेला चहा म्हणजे या सगळ्यांची बेरीज. कुंगफू पद्धत ती बेरीज होऊच देत नाही. पहिल्या कपात भाजणीचा आणि फुलांचा वास पुढे असतो. दुसऱ्या-तिसऱ्यात चहा अंग धरतो. पाचव्या-सहाव्यात फुलं मागे सरतात आणि जिभेच्या मुळाशी एक ओला, दगडी गोडवा उरतो. ख्याल गाणारा गवई राग एका दमात ओतून मोकळा होत नाही. एकेक स्वर उघडत जातो आणि ऐकणाऱ्याला पुढच्या स्वराची वाट पाहायला लावतो. पानही तसंच उघडतं, पण त्यासाठी त्याला सेकंदांच्या मापाने पाणी देणारा कुणी भेटावा लागतो.

शेगडीही त्याच मापातली. जुन्या पद्धतीतली शेगडी मातीची, हातभर उंच, वर मातीचीच लहानशी किटली. कोळसा साधा नाही, ऑलिव्हच्या आठळ्यांचा. हे ऑलिव्ह युरोपातल्या तेलाचं नव्हे, नावापुरतंच सारखं आहे. सह्याद्रीत राळ देणारं धूप नावाचं झाड आहे, त्याच्या वंशातलं हे चिनी झाड. त्याच्या कठीण आठळ्या जाळून कोळसा केला की तो बिनधुराचा, निळसर ज्योतीने आणि एकसारखा जळतो. निखारा मंदावला तर हंसाच्या पिसांच्या पंख्याने वारा घालायचा. आणि ही शेगडी चहाच्या ताटाजवळ ठेवत नाहीत. जुन्या रीतीप्रमाणे तिच्यात आणि ताटात सात पावलांचं अंतर असावं. उकळी फुटली की किटली उचलायची आणि सात पावलं चालत यायचं. तेवढ्या चालण्यात पाण्याची खळखळ थांबते आणि ते पत्तीवर घालायला नेमकं योग्य होतं. थर्मामीटर नसताना कुणीतरी उष्णता पावलांनी मोजली, याचं मला फार नवल वाटतं.

किटली मातीची असल्याने आतलं पाणी दिसत नाही, म्हणून आधणाचा आवाज ऐकायचा. आठव्या शतकात लू यू नावाच्या माणसाने चहावरचा पहिला मोठा ग्रंथ, ‘छाजिंग’, लिहिला. त्यात त्याने उकळीच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आणि बारीक आवाज, मग कडेने वर चढणाऱ्या मोत्यांच्या माळा, मग लाटा. त्यापुढेही उकळू दिलं की पाणी म्हातारं झालं. लू यूच्या काळी चहाची वडी कुटून, चाळून, पाण्यात चिमूटभर मीठ घालून शिजवत असत. तो चहा वेगळाच होता. पण त्याचा कान बाराशे वर्षं टिकला. किटली गाते त्याचं कारणही सोपं आहे. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वर येताना थंड पाण्यात फुटून विरतात, तोच तो सूं आवाज. वरपर्यंतचं पाणी तापलं की बुडबुडे न विरता पृष्ठभागाशी पोचतात आणि आवाज एकदम खाली उतरतो. चहा करणारा त्या उतरलेल्या आवाजाची वाट पाहत असतो.

आता पहिलं पाणी. ते पत्तीवर जात नाही, रिकाम्या भांड्यात जातं. पाहणाऱ्याला हा नुसता उपचार वाटेल. थोडा हिशोब करून पाहा. मातीचं भांडं सव्वाशे ग्रॅमचं, हवेइतकं म्हणजे २५ अंश सेल्सिअसचं. त्यात शंभर मिलिलिटर उकळतं पाणी घातलं, तर भांडं तापण्यातच पाण्याचे चौदा-पंधरा अंश निघून जातात. मोठ्या किटलीत हे जाणवत नाही, कारण पाण्याच्या मानाने भिंती थोड्या. लहान भांड्यात भिंतीच जास्त. म्हणून आधी भांडं तापवायचं, कप तापवायचे. कप तापवण्याची तऱ्हा तर पाहत राहावी अशी. एक कप आडवा करून दुसऱ्या कपातल्या गरम पाण्यात त्याची कड टेकवायची आणि अंगठा व दोन बोटांनी त्याला गरगर फिरवायचं. याला ‘सिंहाचा चेंडूखेळ’ म्हणतात. उकळत्या पाण्यात बोटं न भाजता हे करणं म्हणजेच कुंगफू.

पत्ती भरण्यातही कारागिरी आहे. १९५७ मध्ये छाओझोऊच्या वंग हुईदोंग या विद्वानाने आपल्या गावच्या चहाची सगळी रीत लिहून काढली. तीत पत्ती कागदावर पसरून तिची जाड, मध्यम आणि चूर अशी वाटणी करायला सांगितली आहे. जाड पानं तळाशी आणि तोटीजवळ, चूर मधे, वर पुन्हा जाड पानं. चूर तोटीत गेला तर धार अडते आणि चहा गढूळ होतो, म्हणून पानांचीच गाळणी करायची. पदार्थाने स्वतःलाच गाळावं, यापेक्षा नेटकी युक्ती मला तरी सुचत नाही.

मग पाणी उंचावरून, भांड्याच्या काठाकाठाने. उंच धारेने पत्ती घुसळली जाते. मधोमध धार धरली तर पत्तीचा थर फुटतो, म्हणून कड. वर पांढरा फेस येतो. पानातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यांचा तो, रिठ्याला फेस आणणाऱ्या द्रव्यांच्याच जातकुळीचा. झाकणाच्या कडेने तो बाजूला सारायचा, झाकण लावायचं आणि बंद भांड्यावर बाहेरूनही उकळतं पाणी ओतायचं. आतबाहेर दोन्हीकडून ऊब. आता भांड्याकडे पाहत राहायचं. ओली, तांबूस माती चमकते, मग तिच्यावरचं पाणी आटू लागतं, आणि पृष्ठभाग कोरडा दिसला की चहा तयार. वर म्हटलं ना, घड्याळ कुठेच नाही. ते इथे होतं, भांड्याच्या अंगावर.

सगळ्यात अवघड भाग पुढे आहे. चहा दहा सेकंदांत होत असेल आणि ओतायला पाच-सहा सेकंद लागत असतील, तर ओतता ओतताच तो कडक होत जाणार. पहिल्या कपात फिका, तिसऱ्यात जहाल. तीन माणसांना तीन वेगळे चहा मिळाले तर एकत्र बसण्याला अर्थ काय राहिला? म्हणून एक कप भरून पुढच्याकडे जायचंच नाही. भांडं खाली, कपांच्या अगदी जवळ आणायचं. पाणी घालताना हात उंच होता, ओतताना खाली, म्हणजे गंध आणि ऊब वाटेत उडत नाहीत. आणि तिन्ही कपांवरून न थांबता गोल गोल फिरवत राहायचं. प्रत्येक कपाला प्रत्येक फेरीचा थोडा थोडा वाटा. या फेऱ्यांना ‘ग्वान गोंगची नगरफेरी’ म्हणतात. ग्वान गोंग, म्हणजे ग्वान यू, हा तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा सेनापती. पुढे लोकांनी त्याला देव केलं. चित्रांत त्याचा चेहरा लालबुंद असतो. मातीच्या लाल भांड्याने तीन कपांच्या तटाभोवती गस्त घालावी, तशी ही फेरी.

शेवटी उरतात ते थेंब. सगळ्यांत दाट तेच. ते एका कपात पडू द्यायचे नाहीत, एकेक करून वाटायचे: याला एक, त्याला एक, तिसऱ्याला एक, पुन्हा पहिल्याला. हे ‘हान शिनने सैनिक मोजले’. हान शिन हा हान घराण्याच्या स्थापनेच्या वेळचा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला सेनानी. याच नावाचं एक जुनं चिनी गणिती कोडंही आहे. सैनिकांना तीन-तीनच्या, पाच-पाचच्या, सात-सातच्या रांगांत उभं करून उरलेल्यांवरून एकूण संख्या काढायची. आपल्या आर्यभटाचा कुट्टक ज्या तऱ्हेच्या प्रश्नांसाठी आहे, तोच हा प्रश्न. चहाच्या शेवटच्या थेंबात गणिताची आठवण ठेवणाऱ्या लोकांबद्दल मला आपोआप आपुलकी वाटते. आणि थेंब निथळून काढण्याला आणखी एक कारण आहे. भांड्यात पाणी राहिलं तर पत्ती त्यात कढत राहते आणि पुढचा चहा कडवट होतो.

भांड्याचीही परीक्षा असते. झाकण काढून ते सपाट टेबलावर पालथं घालायचं. तोटीचं टोक, काठ आणि कानाचा वरचा भाग, तिन्ही एकाच वेळी टेबलाला टेकले पाहिजेत. तोटी काठापेक्षा खाली असेल तर भांडं काठोकाठ भरण्याआधीच तोटीतून पाणी वाहू लागेल आणि फेस सारता येणार नाही. झाकणावरचं बारीक भोकही तसंच. त्यावर बोट ठेवलं की धार थांबते, उचललं की वाहते. बाहेरची हवा आत शिरल्याशिवाय आतलं पाणी बाहेर येत नाही. झाकण चांगलं बसत नसेल तर हे जमत नाही, म्हणून कुंभाराचा हात इथे ओळखू येतो.

असं भांडं चीनमध्ये फार जुनं नाही, आणि त्याच्या जन्मामागे एक राजाज्ञा आहे. मिंग घराण्याचा पहिला सम्राट झू युआनझांग गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला. दरबारात नजराणा म्हणून येणाऱ्या चहाच्या वड्या बनवण्यात रयत पिचते, हे त्याला ठाऊक होतं. १३९१ मध्ये त्याने वड्या बंद केल्या आणि सुटी पत्ती पाठवायला सांगितलं. वडी कुटून घुसळायचा चहा मागे पडला आणि पान पाण्यात भिजवून पिण्याची रीत देशभर पसरली. भिजवायचं म्हणजे झाकणाचं, तोटीचं भांडं हवं. थाईहू सरोवराच्या काठच्या यीशिंग गावात लोहयुक्त जांभळट माती निघते. तिच्या पट्ट्या थापून, जोडून, बिनचकाकीची भांडी तिथे घडू लागली, आणि पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेली. मिंग काळ संपताना आणि छिंग काळ सुरू होताना तिथे हुई मंगछन नावाचा कुंभार होऊन गेला. त्याची लहान भांडी इतकी नावाजली की त्याच्यानंतर शेकडो हातांनी आपल्या भांड्यांच्या तळाशी त्याचंच नाव कोरलं. छाओझोऊत चहाच्या भांड्याला आजही ‘मंगछन’ म्हणतात. माणसाचं नाव वस्तूचं नाव झालं.

या लहानपणाने एका मोठ्या माणसाला कसं जिंकलं, ती हकिगत मला फार आवडते. युआन मेइ हा अठराव्या शतकातला कवी आणि खाण्यापिण्याचा जबरदस्त शौकीन. त्याचं पाकशास्त्रावरचं पुस्तक १७९२ मध्ये निघालं. फूजियान प्रांतातल्या वूयी डोंगरचा चहा त्याला मुळीच आवडत नसे. औषधाचा काढा प्यावा तसा तो त्याला लागे. १७८६ मध्ये, सत्तरीला पोचलेला असताना, तो स्वतः त्या डोंगरावर गेला. तिथल्या मठांतल्या साधूंनी त्याच्यापुढे महाळुंगाएवढं भांडं आणि अक्रोडाएवढे कप ठेवले. एवढासा चहा घटकन गिळायचा तरी कसा? त्याने आधी वास घेतला, मग जीभ लावली, मग जणू चावत चावत प्यायला. तेव्हा कुठे नाकात दरवळ शिरला आणि जिभेवर गोडवा उमटला. दुसरा कप, तिसरा कप, आणि आयुष्यभराचं मत बदललं. त्याने ते प्रांजळपणे लिहूनही ठेवलं. पान तेच, पाणी तेच. भांड्याच्या आकाराने पिणाऱ्याचा वेग बदलला, एवढंच झालं होतं.

वूयीला फूजियानच्या दक्षिणेकडच्या बोलीत ‘बू-ई’ म्हणतात. त्यावरून युरोपी व्यापाऱ्यांनी काळ्या चहाला ‘बोही’ नाव दिलं, आणि १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात पाण्यात फेकलेल्या पेट्यांत बहुतांश बोहीच होता. त्याच बोलीतला चहाचा शब्द ‘ते’ डच गलबतांतून युरोपात गेला आणि इंग्रजीचा ‘टी’ झाला. छाओझोऊची बोली याच कुटुंबातली. आपला ‘चहा’ मात्र दुसऱ्या घराण्यातला, ‘छा’च्या. खेड्यापाड्यांत ‘चा घेनार का?’ असं विचारतात तेव्हा कँटनच्या माणसालाही अर्धा प्रश्न समजेल. मुंबईचा या चहाशी संबंध नुसत्या शब्दापुरता नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि इंग्रजांच्या चहाची किंमत बऱ्याच अंशी तिच्यातून चुकती होई. त्यातून पेटलेलं युद्ध ज्या तहाने १८४२ मध्ये संपलं, त्यावर नानजिंगजवळ सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर. ते सागवानी जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१३ मध्ये बांधलेलं. फूजियानचं शियामन बंदर त्या तहानेच परदेशी व्यापाराला उघडावं लागलं. साधूंच्या अक्रोडाएवढ्या कपापासून हे सगळं किती दूरचं वाटतं, आणि किती दूर नाही.

छाओझोऊचे लोक पोटासाठी समुद्रापार गेले. थायलंड, सिंगापूर, मलेशिया, व्हिएतनाम. जाताना भांडं घेऊन गेले. सिंगापूरमध्ये डुकराच्या बरगड्यांचा मसालेदार रस्सा खाताना आजही शेजारी कुंगफू चहा मांडतात. तैवानमध्ये १९७०नंतर चहाकलेची नवी लाट आली आणि तिने दोन भांड्यांची भर घातली. एक वास घेण्याचा उंच कप, आणि दुसरं सगळा चहा आधी एकत्र करण्याचं भांडं, म्हणजे गोल फेऱ्या न घालताही सगळ्यांना सारखा मिळेल. सोय मोठी आहे. पण ग्वान गोंगची नगरफेरी तिथे संपते, आणि मला ती हवीशी वाटते. २००८ मध्ये चीनने छाओझोऊच्या चहारीतीला राष्ट्रीय अमूर्त वारशात घेतलं. २०२२ मध्ये युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहाविद्येला आपल्या यादीत स्थान दिलं, त्यातल्या ४४ प्रकारांत ही रीतही आहे. गावात मात्र याची चर्चा फारशी नसावी. तिथे चहाच्या पत्तीला ‘चहाचे तांदूळ’ म्हणतात आणि चहा पीत नाहीत, ‘खातात’. घरात तांदूळ आहे याचं कुणी कौतुक करत नाही.

ते ‘तांदूळ’ येतात गावाच्या उत्तरेच्या फंगह्वांग डोंगरावरून, म्हणजे फिनिक्स पक्ष्याच्या. शिखर सुमारे दीड हजार मीटरचं. वरच्या उतारांवर शेकडो वर्षांची चहाची झाडं आहेत. झुडपं नव्हेत, शिडी लावून चढावं लागतं अशी झाडं. एकेका झाडाची पानं वेगळी खुडून वेगळी करण्याची इथली चाल, म्हणून या चहाचं नाव ‘दानत्सोंग’, एकटं झाड. एका झाडाच्या चहाला मधाळ ऑर्किडचा वास, दुसऱ्याला गार्डेनियाचा, तिसऱ्याला बदामाचा, चौथ्याला आल्याच्या फुलाचा. एकाला नाव आहे ‘बदकाच्या विष्ठेचा सुगंध’. सांगतात की ज्याच्याकडे हे झाड होतं त्याने चोरांनी कलम पळवू नये म्हणून मुद्दाम असं नाव ठेवलं. त्या जमिनीची पिवळी माती खरंच तशा नावाने ओळखली जात असे. चहा इतका सुगंधी की नाव आड आलं नाही. २०१४ मध्ये त्याला ‘रुपेरी फुलाचा सुगंध’ असं नवं, शालीन नाव मिळालं, तरी लोक जुन्यानेच मागतात.

यातल्या कुठल्याही चहात एकही फूल घातलेलं नसतं. मग वास येतो कुठून? तो एका रात्रीत तयार होतो. पानं दुपारी खुडतात, कलत्या उन्हात पसरतात, मग घरात सावलीला आणतात. अंधार पडला की काम सुरू होतं. ओंजळीत पानं घेऊन ती हलकेच एकमेकांवर आपटायची, उधळायची, पुन्हा पसरून ठेवायची. दीड-दोन तासांनी पुन्हा, आधीपेक्षा थोड्या जोराने. रात्रभर. पानांच्या कडा खरचटतात. तिथल्या पेशी फुटून आतली विकरं आणि पॉलिफेनॉल्स एकत्र येतात आणि कड तांबूस होते, चिरलेलं सफरचंद काळं पडतं तशी. पण खुडलेलं पान अजून मेलेलं नसतं. मधला भाग हिरवा, जिवंत असतो आणि त्याला या ओरखड्यांची खबर लागते. किडीने कुरतडल्यावर झाड जशी गंधद्रव्यं सोडतं तशी ते पान सोडू लागतं. लिनालूल, नेरोलिडॉल, जाईच्या वासाचं लॅक्टोन, आणि इंडोल, जे मोगऱ्यातही असतं. फांदीवरून तुटलेलं पान आपल्या शेवटच्या रात्री फुलांची द्रव्यं घडवतं, कारण त्याला अजून वाटतं आहे की आपण झाडावर आहोत. करणारा झोपत नाही. पानात नाक खुपसून बसतो. हिरव्या गवताचा उग्र वास जाऊन फुलाचा वास वर आला की तो क्षण धरायचा आणि पानं तापलेल्या कढईत टाकायची. उष्णतेने विकरं थांबतात. फार लवकर टाकली तर फूल उमलत नाही, उशीर झाला तर कोमेजून जातं. पुढचा मळण्याचा आणि मंद आचेवर वारंवार भाजण्याचा भाग दिवसांचा, कधी महिन्यांचा, पण चहाचं नशीब त्या पहाटेच ठरलेलं असतं.

म्हणून कप रिकामा झाला की तो लगेच खाली ठेवत नाहीत. उलटा धरून नाकाशी नेतात. चहा संपलेला असतो आणि कपाच्या तळाशी, निवत चाललेल्या मातीला वा चिनी मातीला चिकटून, जड गंध उरलेला असतो. गरम असताना मध, थोडा निवल्यावर फूल, अगदी गार झाल्यावर कच्ची साखर. एकच कप, तीन वास, एका मिनिटात.

आणि नवव्या-दहाव्या पाण्यानंतर, चहाला रंग येईनासा झाला की, भांड्यातला चोथा पांढऱ्या वाडग्यात काढतात आणि वर पाणी घालतात. पिळवटलेली काळी पत्ती केव्हाच उलगडलेली असते. आता ती पूर्ण पानं होऊन पाण्यावर तरंगते. बोटाने एक पान सपाट केलं तर मधोमध शिर दिसते, दोन्ही बाजूंना मळकट हिरवा रंग, आणि कडेकडेने, करवती दातांच्या बाजूने, एक बारीक तांबडी किनार. डोंगरावरच्या त्या रात्री हातांनी उमटवलेली.